कावळ्याने खडे किती टाकायचे?

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की पालक भेटायला येऊ लागतात. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. अक्षर सुधारत नाही, पाढे पाठ होत नाहीत, डबा तसाच परत येतो. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मूल पहिली-दुसरीत असते आणि अम्मी किंवा अब्बा विचारतात, "कोडिंगचा क्लास लावू का? शेजारच्यांनी लावलाय." विचारणाऱ्यांत यंत्रमागावर काम करणारे असतात, रिक्षा चालवणारे असतात, विड्या वळून घर चालवणाऱ्या माताही असतात. क्लासच्या फीचा आकडा सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. तो आकडा त्यांच्या घरच्या किराण्याएवढा असतो.

आमचे उत्तर सरळ असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला असा क्लास लावू नका. त्या पैशात त्याला दूध द्या, गोष्टीची चार पुस्तके घ्या. पण उत्तर इथेच संपवले तर पालकांना वाटते, हे शिक्षक लोक आपल्या मुलाला मागे ठेवायला निघालेत. म्हणून पुढचेही सांगावे लागते. कोडिंगमधला जो भाग या वयात शिकण्यासारखा आहे, तो तुमच्या घरात रात्री सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतच आहे. फक्त गोष्ट सांगण्याची पद्धत थोडी बदलायची आहे.

ही घाई आली कुठून, तेही पाहू. २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुरू करावेत, असे त्यात म्हटले होते. नेमक्या त्याच दिवसांत टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, मुले घरात होती आणि ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्यांच्या जाहिरातींचा पाऊस पडत होता. एका कंपनीच्या जाहिरातीत तर कोवळ्या वयाच्या मुलाला कोट्यवधींची नोकरी मिळाल्याचे सांगितले होते. असा मुलगा प्रत्यक्षात नव्हताच. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या, कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिराती गेल्या, पण त्यांनी पेरलेली भीती राहिली. धोरण सहावीचे बोलते आहे आणि आपण पहिलीच्या मुलासाठी कर्ज काढायला निघालो आहोत.

आता मूळ गोष्ट. कोडिंग म्हणजे यंत्राला काम सांगणे. यंत्राला समज नसते, अंदाज नसतो, 'समजून घे ना रे' असे त्याला म्हणता येत नाही. म्हणून काम तुकड्यातुकड्यांत, नेमक्या क्रमाने, एकही पायरी न गाळता सांगावे लागते. चहाचे उदाहरण घ्या. 'पातेल्यात पाणी घाल' म्हणाल, तर किती? 'उकळ' म्हणाल, तर कुठवर? गॅस पेटवायला सांगायचे राहून गेले, तर यंत्र थंड पाण्यात पत्ती टाकून जन्मभर उभे राहील. वर्गात काही मुले वुजूचे उदाहरण देतात, कारण तिथला क्रम त्यांना घरी शिकवलेला असतो. क्रमाचे उदाहरण म्हणून ते चुकीचे नाही. पण वुजू करणाऱ्याच्या मनात निय्यत असते, यंत्राला निय्यत नसते. म्हणून आम्ही ती चर्चा हळूच पुन्हा चहाकडे वळवतो.

पण चहापेक्षाही गोष्ट जास्त उपयोगी पडते. चहा एकदाच करायचा असतो, गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता येते. मुलाला ती आधीच आवडते. शिवाय गोष्टीत मुलाला मध्येच थांबवून विचारता येते, "आता काय करायचं?"

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक आहे, उर्दू शाळेत तीच 'प्यासा कौवा' होते. आम्ही ती सांगतो आणि मध्येच विचारतो, कावळ्याने खडे किती टाकायचे? एक म्हणतो दहा, दुसरी म्हणते शंभर. मडके मोठे असेल तर? खडे बारीक असतील तर? थोडा वेळ आकड्यांची बोली चालते आणि मग कुठून तरी आवाज येतो, "पानी ऊपर आए तक डालने का!" हे वाक्य आले की आम्ही थांबतो. कारण एका सात वर्षांच्या मुलाने आपल्या घरच्या बोलीत कोडिंगमधली एक फार मोठी कल्पना सांगितलेली असते. किती वेळा करायचे हे ठाऊक नसले, तरी कुठवर करायचे हे सांगता येते. संगणकाच्या भाषेत अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामाला लूप म्हणतात. मुलांना तो शब्द सांगितला नाही तरी बिघडत नाही.

मग काचेची बरणी आणि खडे आणायचे. बरणीत अर्ध्याहून अधिक पाणी घातले, तर थोड्याच खड्यांत ते काठाला येते आणि मुले टाळ्या वाजवतात. दुसऱ्या वेळी तळाला दोन बोटे पाणी ठेवायचे. आता खडे टाकत राहिले तरी पाणी खड्यांच्या फटींत मुरत जाते, बरणी खड्यांनी गच्च भरते आणि पाणी खालीच राहते. वर्ग गप्प होतो. एक मुलगी म्हणाली होती, "फिर तो कौवा डालतेच रहेगा, मर जाएगा!" अगदी बरोबर. ज्या कामाला थांबण्याची अट कधीच पूर्ण होत नाही, ते यंत्र थकेपर्यंत चालू राहते. मोबाइल कधी कधी अडकून बसतो, त्यामागेही पुष्कळदा असेच काहीतरी असते. मग मुले स्वतःच दुसरी अट घालतात. पाणी वर येईपर्यंत टाक, पण बरणी भरली तर उडून दुसरीकडे जा. पाठ्यपुस्तकातला कावळा एवढा शहाणा नसतो.

मराठी माध्यमाच्या मुलांबरोबर आम्ही चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतो. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि दर वेळी चिमणी बाळाचे एक नवे काम सांगून दार उघडणे लांबवते. दार वाजणे तेच, विनवणी तीच, बदलते ते फक्त काम. मुलांना आम्ही विचारतो, ही गोष्ट कमीत कमी चित्रांत कशी मांडाल? पहिल्यांदा ती दहा-बारा चित्रे काढतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते, की दार वाजवणारा कावळा एकदाच काढून त्याच्याभोवती गोल बाण फिरवला तरी भागते. कामांची यादी बाजूला लिहायची. तेवढ्यात एखादे पोर विचारते, चिमणीला तिसरेच काम आधी आठवले तर? बाळ उठायच्या आधी त्याला अंघोळ कशी घालणार? क्रम का पाळायचा, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

मुल्ला नसरुद्दीनच्या गाढवांची गोष्ट तर याच कामासाठी रचल्यासारखी आहे. मुल्ला गाढवे घेऊन निघतो, एकावर बसतो, मोजतो तर एक कमी. उतरून मोजतो तर पुरी. पुन्हा बसतो, पुन्हा एक कमी. मोठमोठ्या पगाराचे प्रोग्रॅमरसुद्धा मोजणीत हीच एकाची चूक करतात. वर्गात हे करून पाहायला सोपे आहे. एखाद्या मुलाला उभे करून 'वर्गात किती जण आहेत ते मोज' म्हणायचे. बहुतेक वेळा तो स्वतःला सोडून मोजतो आणि बाकीचे 'मुल्ला! मुल्ला!' म्हणून ओरडतात. त्याला राग येत नाही, कारण मुल्ला सगळ्यांचा आवडता आहे. चुकीची लाज न वाटता चूक शोधावीशी वाटणे, हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम आहे आणि नसरुद्दीन ते हसत हसत करून देतो.

संगणकाच्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. शब्द जुना आहे, पण १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अवाढव्य गणकयंत्रात खरोखरच पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. हा किस्सा सांगितल्यापासून आमच्या वर्गातली मुले 'चूक झाली' म्हणत नाहीत, 'कीड़ा मिला' म्हणतात.

अलीबाबाची गोष्ट मात्र थोड्या मोठ्या मुलांना सांगावी. कासिम गुहेत शिरतो, सोने पाहून भान हरपतो आणि बाहेर पडायचा शब्द विसरतो. कसल्या तरी दाण्याचे नाव होते एवढेच आठवते. सिमसिम म्हणजे तीळ. तो जवाचे नाव घेतो, दार हलत नाही. अर्थ जवळचा असला म्हणून यंत्र दार उघडत नाही, त्याला शब्द जसाच्या तसा लागतो. ही गोष्ट ऐकल्यावर इमला आणि शुद्धलेखनाकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते, हा आमचा अनुभव आहे. एका नुक्त्याने दार बंद राहू शकते, हे त्यांना पटते.

गोष्ट ऐकणे वेगळे आणि गोष्ट चालवणे वेगळे. चालवण्यासाठी घरातली शहाबादी फरशी पुरते, तिचे चौकोन आयते असतात. एका चौकोनात बकरी म्हणून वाटी ठेवायची, लांबच्या चौकोनात विहीर म्हणून तांब्या, मध्ये लांडग्याचा एक चौकोन. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर बाण काढायचे: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब. मुलाने पत्ते ओळीने मांडायचे आणि मोठ्या माणसाने यंत्र बनून जसे सांगितले तसेच चालायचे. जसे सांगितले तसेच, ही अट महत्त्वाची. मुलाने 'पुढे' तीनदा सांगितले आणि तिसऱ्या पावलावर लांडगा असला, तर सरळ लांडग्याच्या तोंडात जायचे. मदत करायची नाही, डोळ्याने खुणावायचे नाही. वर्गात एकदा 'थांब'चा पत्ता राहिल्यामुळे आम्ही चालत चालत बाकावर आदळलो. पत्ते मांडणारा म्हणाला, "टीचर, रुको भी बोलना पड़ता क्या?" हो, सांगावे लागते.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांची एक गंमत दिसते आणि ती पुस्तकांत सापडत नाही. आमची मुले पत्ते उजवीकडून डावीकडे मांडतात. त्यांच्या दृष्टीने ओळ तिथूनच सुरू होते. मराठी माध्यमातले मूल तेच पत्ते डावीकडून वाचते आणि बकरी भलतीकडेच जाते. दोन्ही बरोबर आहेत. पण यंत्राला सुरुवात कुठे आहे ते आधी ठरवून द्यावे लागते. म्हणून पहिल्या पत्त्यावर हिरवा ठिपका काढतो. ज्या मुलाला उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी येतात, त्याला हा मुद्दा लगेच कळतो, कारण वही कोणत्या बाजूने उघडायची हा निर्णय तो रोज घेत असतो. दोन भाषांमुळे आपले मूल मागे पडते असे मानणाऱ्या पालकांनी हे पाहायला यावे.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. यंत्र मुलाकडे तोंड करून उभे असले की मुलाची उजवी बाजू यंत्राची डावी होते. मुलाला मनाने यंत्राच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाने १९६७च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. त्या भाषेतले कासव असेच चालवायचे असते. मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करते, त्यातून त्याला भूमिती समजते, असे पॅपर्टचे म्हणणे होते. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, यासाठी तो आयुष्यभर भांडला. हातात मोबाइल दिलेल्या मुलाकडे पाहा, कोण कोणाला चालवते आहे ते लगेच दिसेल.

सोलापूरकरांना तर हे सगळे परके वाटायलाच नको. आपल्या शहराची ओळख असलेली चादर जॅकार्डवर विणली जाते. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांची माळ फिरताना अनेकांनी पाहिली असेल. त्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याची एक फेर झाली की पुढची पट्टी येते. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांत मोर, फूल, वेल सगळे सांगितलेले असते. माळ पूर्ण फिरून पहिल्या पट्टीवर आली की तीच नक्षी पुन्हा सुरू होते, म्हणजे पुन्हा तोच लूप. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने हा माग १८०४च्या सुमारास पुढे आणला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी पट्ट्यांची ही कल्पना त्याच्याकडूनच उचलली. त्या यंत्रावर १८४३मध्ये सविस्तर टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या बाईंनी त्याची तुलना विणकामाशीच केली होती. जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमरांत त्यांचे नाव घेतले जाते.

म्हणून ज्यांचे अब्बा किंवा दादा कारखान्यात आहेत, त्या मुलांना आम्ही सांगतो, घरी जाऊन विचारा, नक्षी मागाला कशी कळते? आता अनेक ठिकाणी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जागा संगणकाने घेतली आहे, पण धागा उचलायचा की नाही हा प्रश्न तोच आहे. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या वहीत मुले नक्षी लिहून आणतात: एक भरलेला चौकोन, दोन रिकामे, एक भरलेला. मग वही शेजाऱ्याला द्यायची नाही, फक्त वाचून दाखवायची आणि शेजाऱ्याने ऐकून तसेच फूल काढायचे. पहिल्या वेळी फूल क्वचितच जुळते. आपल्या अब्बांचे काम हे 'अडाणी' काम नाही, हे त्या तासाला मुलांना जेवढे कळते, तेवढे आमच्या भाषणांनी कधी कळले नाही.

अल्गोरिदम हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. तो नवव्या शतकातले बगदादचे गणिती मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन उच्चारातून आला. खलिफा मामूनच्या काळात ते बैतुल हिकमतशी जोडलेले होते. हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी लिहिले, ते लिखाण लॅटिनमध्ये गेले आणि पायरीपायरीने गणित सोडवण्याच्या रीतीलाच त्यांचे नाव चिकटले. अल्जिब्रा हा शब्दही त्यांच्याच ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. हे मुलांना जरूर सांगावे. मात्र जलशांत आपण जसे हे नाव घेऊन टाळ्या मिळवतो, तेवढ्यावर थांबू नये. अभिमानाने कोणाची बेरीज बरोबर येत नाही. अल-ख्वारिझ्मींनी वारसाहक्काच्या वाटणीची गणितेसुद्धा पायरीपायरीने सोडवून दाखवली होती, म्हणजे लोकांच्या घरातले प्रश्न हाती घेतले होते. तो भाग आपण सहसा सांगत नाही.

गोष्टीतून संगणक शिकवण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला तयार केली. तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि मॉझ नावाचा उंदीर यांच्या संवादांतून धडे पुढे सरकतात. बटणे कोणती दाबावीत यापेक्षा पायरीपायरीने विचार कसा करावा, याला त्यात जास्त जागा आहे. पुस्तके कोणालाही मोकळेपणाने वापरता यावीत अशा परवान्याखाली दिलेली आहेत. पुण्यात शोएब दार यांनी सुरू केलेली पाय जॅम फाउंडेशन सरकारी शाळांतल्या मुलांना स्वस्तातल्या छोट्या संगणकांवर हेच शिकवते. आणि आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून कविता, गोष्टी आणि धडे मुलांच्या कानांपर्यंत पोचवले. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. शाळा गावातली आहे की शहरातली, फी किती आहे, यावर सगळे अवलंबून नसते, हे सांगायला सोलापूरकराला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही.

याचा उपयोग खरेच होतो का, असे शिकलेले पालक विचारतात. विचारायलाच हवे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या मरिना बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना आठवडाभर खेळण्यातला यंत्रमानव चालवायला शिकवले. त्यानंतर चित्रांचे तुकडे क्रमाने लावून गोष्ट जुळवण्यात ती मुले आधीपेक्षा सरस ठरली. अभ्यास छोटा होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण क्रम लावता येणे ही वाचनाचीही पायरी आहे आणि गणिताचीही, हे पहिलीला शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ज्या मुलाला 'आधी काय झाले, मग काय झाले' सांगता येत नाही, त्याला उतारा वाचूनही उमजत नाही.

आता घरातल्या अडचणीकडे येऊ. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी घरी आला की आधी मोठ्या भावाच्या हातात जातो, बहिणीची पाळी येईपर्यंत बॅटरी संपते. कोडिंग म्हणजे मोबाइलवर काहीतरी, असे मानले तर मुली पहिल्याच पायरीवर मागे राहणार. गोष्टीला अशी रांग लागत नाही. आमच्या वर्गात पत्त्यांच्या खेळात सर्वांत आधी चूक शोधणारी मुलगी कोणत्याही क्लासला जात नाही. तिची अम्मी विड्या वळते. पाने भिजवणे, पत्र्याच्या मापाने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, हे हजार वेळा. त्या माउलीचे हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळे असते. ती मुलीला गोष्ट सांगते आणि मध्येच गाळून टाकते. मुलगी म्हणते, "अम्मी, बीच का छूटा." आम्ही अम्मीला विचारले, मुद्दाम गाळता का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नै, नींद आती तो छूट जाता." मुद्दाम गाळले तरी चालेल, एवढेच आम्ही त्यांना सुचवले.

टॅबलेट उपलब्ध असेल आणि मूल पत्त्यांच्या खेळात रमलेले असेल, तर पुढचे पाऊल म्हणून स्क्रॅचज्युनिअर हे मोफत अॅप घ्यावे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७मध्ये मुलांसाठी स्क्रॅच ही भाषा आणली होती. मरिना बर्स आणि रेस्निक यांच्या गटांनी मिळून २०१४मध्ये तिचे हे धाकटे भावंड काढले, ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात वाचता येण्याची गरज नाही, ठोकळ्यांवर चित्रे आहेत. ठोकळे डावीकडून उजवीकडे जोडायचे आणि हिरव्या झेंड्यापासून गोष्ट सुरू होते. उर्दू माध्यमाच्या मुलांना आपला हिरवा ठिपका इथे आठवतो. मुलाला स्वतःचा आवाज भरता येतो, म्हणजे कावळा दखनीतही बोलू शकतो. एखाद्या चित्राला बोट लावले की त्याने काय करायचे, दोन चित्रे एकमेकांना आपटली की काय व्हायचे, हेही ठरवता येते. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, जाहिराती मध्ये येत नाहीत. रोज वीस मिनिटे पुष्कळ झाली आणि त्या वेळात मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसावे. शिकवायला म्हणून बसू नये, गोष्ट ऐकायला बसावे.

त्या अॅपमध्ये एका गोष्टीला चारच पाने मिळतात. आमच्या दुसरीच्या वर्गाने कावळ्याची गोष्ट त्यात बसवायला घेतली. पहिल्या पानावर उन्हात उडणारा कावळा, दुसऱ्यावर मडके, तिसऱ्यावर खडे, चौथ्यावर वर आलेले पाणी. मग वाद झाला. बरणी खड्यांनी भरली तर दुसरीकडे उडून जाणारा कावळा कुठे दाखवायचा? पान शिल्लक नव्हते. शेवटी दोन मुलींनी चौथ्या पानावरचे मडके असे केले, की त्याला बोट लावले तर पाणी वर येते आणि कावळ्याला बोट लावले तर तो उडून जातो. कोणाला बोट लावायचे ते पाहणाऱ्याने ठरवायचे. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी कावळ्याला बोट लावले आणि सगळा वर्ग ओरडला, "सर, पहले पानी तो देखो!"